घरचे यंत्र : इंजेक्टर बदलण्याआधी

एका आयुष्मती भगिनींचे पत्र आमच्यासमोर आहे. त्या तालुक्याच्या गावी राहतात, घरी शिवणकाम करतात. पती एमआयडीसीत कामाला आहेत. जाऊन-येऊन साठ किलोमीटरचा रस्ता रोज मोटारसायकलने कापावा लागतो. गाडी २०११ सालची, दीडशे सीसीची, इंजेक्शनची. दोन वर्षांपूर्वी ती जुनी घेतली आणि पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत.

तक्रार अशी. सकाळी गाडी एका बटणात सुरू होते. पंधरा-वीस किलोमीटर गेले की झटके मारू लागते, पिकअप देत नाही आणि शेवटी बंद पडते. दहा मिनिटे सावलीत उभी केली की पुन्हा चालू होते, जणू काही झालेच नाही. टाकीत पेट्रोल कमी असले की हा त्रास वाढतो. गॅरेजवाल्याने सांगितले, "इंजेक्टर गेला." नवा इंजेक्टर बसवला, काही हजार रुपये गेले. चार दिवस गाडी ठीक चालली आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आता तोच गॅरेजवाला म्हणतो, ईसीयू बदलून पाहावा लागेल. ताई विचारतात, "ईसीयू बदलू की गाडी विकू? या महिन्यात तीन वेळा पाळी बुडाली आहे."

आमचे उत्तर असे की, सध्या दोन्हीही करू नका. गाडी आम्ही पाहिलेली नाही, म्हणून छातीठोक निदान करणार नाही. परंतु ताईंनी पत्र इतके नीट लिहिले आहे की अर्धे निदान त्यातच आहे. पत्रात त्यांनी सहज एक वाक्य टाकले आहे: नवा इंजेक्टर बसवला त्याच दिवशी टाकीही पूर्ण भरून घेतली होती. आमच्या मते, चार दिवसांच्या सुखाचे श्रेय इंजेक्टरचे नसून भरलेल्या टाकीचे असावे. असे का, ते समजून घेण्यासाठी थोडे यंत्राकडे वळू.

ज्या घरांत रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह होता, त्यांना इंजेक्शनची गाडी समजायला वेळ लागणार नाही. स्टोव्हच्या टाकीत रॉकेल, पंपाने भरलेली हवा आणि वर बारीक भोकाचे निपल. ज्योत मंदावली की घरातली बाई निपल बदलायला बाजारात धावत नसे. रॉकेल आहे का ते पाही, चार पंप मारी, आणि त्यानेही भागले नाही तरच पीन हातात घेई. गाडीत इंजेक्टर म्हणजे निपल. पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तो बॅटरीवर चालतो. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, पुढे फिल्टर आणि दाब कायम ठेवणारा रेग्युलेटर. बहुतेक गाड्यांत हा दाब सुमारे तीन बार ठेवलेला असतो, म्हणजे हवा भरणाऱ्याच्या भाषेत त्रेचाळीस-चव्वेचाळीस पौंड. मागच्या चाकात आपण तीसच्या आसपास भरतो, त्यावरून अंदाज येईल.

स्टोव्हपेक्षा फरक एवढाच की इंजेक्टरचे भोक सदैव उघडे नसते. आत लोहचुंबकाची एक झडप असते आणि ती कधी उघडायची, किती वेळ उघडी ठेवायची, हे ईसीयू ठरवतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर ती झडप सेकंदाला पन्नास वेळा उघडते आणि मिटते. प्रत्येक वेळी सेकंदाचे काही हजारावे भाग. आता मुख्य मुद्दा. ईसीयूच्या हातात फक्त वेळ आहे. मागचा दाब ठरल्याप्रमाणे आहे, हे तो गृहीत धरून चालतो. दाब मोजणारा सेन्सर अशा गाड्यांत सहसा नसतो. दाब निम्म्यावर आला तर तेवढ्याच वेळात सुमारे तीस टक्के पेट्रोल कमी पडते. ज्या गाडीत सायलेन्सरकडे ऑक्सिजन सेन्सर असतो तिथे थोडीफार भरपाई होते, परंतु तिलाही मर्यादा आहे. मग गाडी झटके मारते, खोकते, बंद पडते. दोष मागच्या पंपाचा किंवा जाळीचा, आणि नाव मात्र इंजेक्टरचे होते. गाडीच इंजेक्शनची म्हटल्यावर काहीही बिघडले तरी इंजेक्टरलाच पकडायचे, अशी एक रीत पडून गेली आहे.

याचा सगळा दोष मिस्त्री मंडळींना देणे आम्हांला पटत नाही. त्यांचे शिक्षण कार्ब्युरेटरवर झाले. आपल्याकडे इंजेक्शनची मोटारसायकल आली ती २००६ च्या हिरो होंडा ग्लॅमर एफआयपासून. २००७ मध्ये बजाजने पल्सर २२० इंजेक्शनसह काढली आणि दोनच वर्षांत ती पुन्हा कार्ब्युरेटरवर आणली. २००८ ला यामाहा आर-१५ आली, २००९ ला करिझ्मा झेडएमआर. या गाड्या थोड्या होत्या आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच जात. एक एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम लागू झाला आणि शंभर सीसीची स्प्लेंडरसुद्धा इंजेक्शनची झाली. आज त्या पहिल्या गाड्या हात बदलत बदलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात पोचल्या आहेत आणि २०२० च्या गाड्यांचीही वॉरंटी संपली आहे. मिस्त्रीकडे पाने आहेत, हात आहे, पण दाब मोजण्याचे गेज नसते. गेज नसले की अंदाज उरतो, आणि अंदाजाचे बिल गाडीवाला भरतो.

म्हणून पहिली तपासणी फुकटची, आणि ती ताईंनी स्वतः करावी. सकाळच्या शांततेत किल स्विच चालू ठेवून चावी फिरवा, सेल्फ मारू नका, टाकीला कान लावा. दोन-तीन सेकंद 'झूंऽ' असा आवाज येऊन थांबला पाहिजे. तो पंपाचा आवाज. आवाज आलाच नाही तर पंपाला वीज मिळत नाही किंवा पंप अडकला आहे. तिथे फ्यूज, रिले आणि टाकीखालचा कनेक्टर आधी पाहायचा. गाडी पडली असेल तर आणखी एक गोष्ट. बऱ्याच गाड्यांत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी उभी करून चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ती सुरू होत नाही. एवढ्यासाठी टेम्पोत घालून गाडी गॅरेजला नेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आता हाच आवाज गाडी बंद पडते त्या ठिकाणी ऐकायचा. सकाळी घरी तो खणखणीत येईल. वीस किलोमीटरवर, इंजिन तापलेले असताना, तो बारीक, किरकिरा किंवा गायब झाला असेल तर चोर बराचसा सापडला. पंपाची मोटर पेट्रोलनेच थंड राहते. टाकीत पेट्रोल तळाला गेले की पंप उघडा पडतो, तापतो, आणि म्हातारा पंप तापल्यावर दम टाकतो. दहा मिनिटे थांबले की निवतो व पुन्हा चालतो. ताईंच्या पत्रातली सगळी लक्षणे अशीच आहेत. 'रिझर्व्ह लागेपर्यंत चालवू, मग पन्नास-शंभरचे टाकू' ही आपली सवय कार्ब्युरेटरच्या गाडीला चालून गेली. ही सवय हौसेची नव्हे, खिशाची आहे, हे आम्ही जाणतो. तरी इंजेक्शनच्या गाडीत एकदाच टाकी वर आणून पुढे रोजचे रोज टाकावे. खर्च तोच, पण पंप बुडालेला राहतो.

परंतु पंप बदला असे म्हणण्यापूर्वी दोन तपासण्या आहेत, त्यांना विसरू नये.

एक टाकीच्या झाकणाची. झाकणात हवा आत जाण्यासाठी बारीक वाट असते. ती धुळीने, गंजाने किंवा धुण्याच्या साबणाने बुजली की पेट्रोल जाईल तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढणे जड जाते. गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडावे. 'फस्स' करून हवा आत गेली आणि गाडी तत्काळ सुरू झाली, तर दोष झाकणाचा. त्याला एक फुंकर आणि थोडी सफाई पुरते. उघडताना जवळ विडी-सिगारेट पेटवणारा कोणी नको, हे सांगायला नको.

दुसरी जाळीची. पंधरा वर्षांच्या टाकीच्या तळाशी गंज, गाळ, रंगाचे पापुद्रे काय काय असते! जाळी अर्धी बुजली तरी हळू चालवताना त्रास नाही, कारण तेवढे पेट्रोल येत राहते. घाट चढताना, मागे माणूस बसल्यावर, ओव्हरटेक करताना मागणी वाढते आणि गाडी गुदमरते. पंप बाहेर काढून जाळी पाहिल्याशिवाय नवा पंप घेऊ नये. नवा पंप त्याच गंजक्या टाकीत टाकला तर काही महिन्यांत तोच प्रकार. जाळी सुटी मिळत नाही, पूर्ण संच घ्यावा लागतो, असे सांगितले जाते. काही गाड्यांची मिळते, दोन दुकाने फिरून विचारावे.

इथे इथेनॉलचा विषय येतो. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. २०११ ची गाडी बनली तेव्हा हे प्रमाण कोणी धरलेले नव्हते. इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सुटा करतो आणि तो थर जाळीत जाऊन बसतो. शिवाय त्याला पाण्याची ओढ असते. पावसाळ्यात झाकणातून पाणी शिरले तर थोडे इथेनॉल सामावून घेते. जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाला बसतात, नेमके पंपाच्या तोंडाशी. संशय असल्यास टाकीच्या तळाचे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून, स्वयंपाकघरापासून लांब, उघड्यावर अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवा. इंजेक्टर बदलून पाणी जात नाही.

एक समजूत मात्र दूर केली पाहिजे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे वीस टक्के मिश्रणात, निव्वळ पेट्रोलच्या मानाने, सहा-सात टक्के ऊर्जा घटते. पंचेचाळीसचे ॲव्हरेज बेचाळीसवर आले म्हणून कोणी इंजेक्टर साफ करून घेऊ नये. पस्तिशीत आले तर मात्र शोध घ्यावा, आणि त्या शोधातही चाकातली हवा, ब्रेक जाम होणे आणि मळलेला एअर फिल्टर हे आधी.

बॅटरीचे थोडक्यात सांगतो. पंप, ईसीयू आणि इंजेक्टर हे तिघेही तिच्यावर जगतात. थकलेल्या बॅटरीने दिवा लागेल, हॉर्न वाजेल, पण सेल्फ मारताना वीज दहा व्होल्टच्या खाली घसरली की ईसीयू गोंधळतो. उभ्या गाडीत साडेबाराच्या आसपास व्होल्ट आहेत का, हे मीटर लावून कोणीही पाहू शकतो. टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि ढिला नट यांनी कितीतरी लोकांना नवे सेन्सर विकत घ्यायला लावले आहेत. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासण्याची जुनी रीत या गाड्यांत करू नये, ईसीयू जळू शकतो. वेल्डिंगचे काम करायचे असल्यास बॅटरी आधी सोडवून ठेवावी.

सिग्नलला थांबल्यावर गाडी आपोआप बंद पडते, आयडल वरखाली होते, अशी तक्रार असेल तर थ्रॉटल बॉडीतला काळा थर आणि इंजिनकडे जाणारा रबरी जोड पाहावा. जुने रबर चिरते आणि चोरवाटेने हवा आत जाते. थ्रॉटल बॉडी साफ करताना रंग लावून पक्का केलेला स्क्रू आणि थ्रॉटल सेन्सर यांना हात लावू देऊ नका. कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून ट्यूनिंग करणाऱ्या हाताला तिथे फार मोह होतो.

हे सर्व पाहून झाले आणि दोष सापडला नाही, की मग इंजेक्टर. आता त्याची पाळी न्याय्य आहे. तो बिघडतच नाही असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या बिघाडाचे प्रकार तीन. पहिला विजेचा: आतली कॉइल तुटते किंवा कनेक्टर सैल होतो. कॉइलचा रोध बहुतेक गाड्यांत दहा ते पंधरा ओहमच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. इंजिन चालू असताना लांब पेचकसाचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरली की 'टिक टिक' ऐकू येते. टिकटिक आहे म्हणजे झडप हलते आहे. दुसरा प्रकार तुंबण्याचा. याची खूण म्हणजे थंड असताना गाडी उशिरा सुरू होते, एकसारख्या वेगात बारीक हिसके देते, आणि टाकी भरलेली की रिकामी याने काही फरक पडत नाही. तिसरा गळण्याचा. झडप पूर्ण मिटत नाही, पेट्रोल थेंब थेंब आत जाते. गाडी गरम असताना सुरू होत नाही, प्लग काळा पडतो, आणि वाईट म्हणजे इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतो. असा वास आला तर गाडी चालवू नये, पातळ झालेल्या ऑइलने इंजिनच खाऊन टाकले जाईल.

तुंबलेला इंजेक्टर बहुधा साफ होतो. मोठ्या शहरांत अल्ट्रासॉनिक यंत्रावर साफ करून, फवारा काचेच्या नळीत दाखवून देणारे कारागीर आहेत. साफ करण्याआधीचा आणि नंतरचा फवारा दोन्ही डोळ्यांनी पाहावा, मग पैसे द्यावेत. परत बसवताना रबरी ओ-रिंग नव्या घालाव्यात. बाटलीतले औषध पेट्रोलमध्ये टाकून हलका मळ निघतो. गंज निघत नाही. आणि स्टोव्हची उपमा आम्ही दिली खरी, पण ती इथे तोडावी लागते: इंजेक्टरच्या भोकात पीन, तार, सुई काहीही घालू नका. ती भोके मिलिमीटरच्या अंशांत मोजून पाडलेली असतात. तसेच इंजेक्टरला थेट बॅटरीच्या वायरी लावून उघडा धरणारे काही जण आहेत. क्षणभर टिचकी देणे वेगळे, लावून धरली तर कॉइल जळते.

पाइप सोडवण्यापूर्वी दाब उतरवणे हे तर जिवाचे काम आहे. पंपाचा कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, इंजिन थंड होऊ द्यायचे आणि फडके धरूनच पाइप काढायचा. तीन बारने उडालेले पेट्रोल डोळ्यात जाते आणि तापल्या सायलेन्सरवर पडले तर पेटते. हे घरी करू नये.

तेव्हा ताईंनी गॅरेजमध्ये एकच मागणी करावी: "दाब मोजून दाखवा." गेज नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जावे, मग तो पुढच्या शहरात का असेना. आणि गाडी सकाळी थंड नेऊ नये. वीस किलोमीटर चालवून, टाकीत पेट्रोल थोडे असताना, त्रास होत असतानाच दाब मोजावा. थंड गाडीत आकडा बरोबर येईल आणि पुन्हा संशय बिचाऱ्या ईसीयूवर जाईल. दाब उतरत असेल तर जाळी, झाकण, पंपाची वायर, पंप, या क्रमाने जावे. गरम गाडीतही दाब टिकून राहिला आणि तरी ती बंद पडली, तर दोष ठिणगीकडे किंवा क्रँकच्या सेन्सरकडे शोधावा. तोही तापल्यावर दगा देतो आणि निवल्यावर शहाणा होतो. बदललेला जुना इंजेक्टर गॅरेजवाल्याकडून परत मागून घ्यावा. तो चांगला असण्याचा संभव आहे.

जुनी इंजेक्शनची गाडी घ्यायला निघालेल्या वाचकांसाठी मीटरवरच्या पिवळ्या दिव्याचे सांगून टाकतो. चावी फिरवली की इंजिनच्या चित्राचा तो दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने किंवा इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर ईसीयूने दोष नोंदवला आहे. होंडाच्या तंत्राच्या अनेक गाड्यांत तो उघडझाप करून आकडा सांगतो: लांब उघडझाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. सात म्हणजे इंजिनच्या तापमानाचा सेन्सर, आठ म्हणजे थ्रॉटलचा, एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे बारा, इंजेक्टरचे सर्किट. सर्किट म्हणजे वायर, कनेक्टर आणि कॉइल. भोकातला मळ ईसीयूला दिसत नाही. आणि चावी फिरवल्यावर दिवा मुळीच लागला नाही, तर विकणाऱ्याला मीटर उघडून दाखवायला सांगा. दोष झाकण्यासाठी बल्ब काढून टाकलेली गाडी कितीही चकचकीत असो, तिच्यावर बयाणा देऊ नका.